फोटोखालची कोणती ओळ वाचायची? लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी कंपनीचं प्रकरण

लातूर जिल्ह्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी. मुख्य माल सोयाबीन, जोडीला तूर आणि हरभरा. तीन खरेदी केंद्रं आणि एक भाड्याचं गोदाम. वजन, प्रत तपासणी आणि हिशोबपट्टी हे सगळं वहीवरून संगणकावर न्यायचं संचालकांनी ठरवलं आणि हैदराबादच्या एका तंत्रज्ञान कंपनीकडून प्रस्ताव मागवला. प्रस्ताव जाडजूड होता. यंत्राची माहिती संचालकांनी भरभर उलटली, दरपत्रकावर थोडी घासाघीस झाली आणि बैठकीचा उरलेला सगळा वेळ ‘आमचं नेतृत्व’ या एका पानाने खाल्ला. सहा नावं, पाच फोटो. या शेतकरी कंपनीची कंपनी कायद्याच्या बाजूची कामं मी पाहतो. त्यामुळे ‘साहेब, ही माणसं नेमकी कोण हायेत ते जरा बघा’ हे काम माझ्याकडे आलं. दोन्ही बाजूंची नावं आणि ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत.

व्यवहार काय होता

सोयाबीनच्या खरेदीत भांडण भावावरून कमी आणि कपातीवरून जास्त होतं. व्यापारात 10-2-2 हे सूत्र चालतं: ओलावा 10 टक्के, काडीकचरा-माती 2 टक्के, डागी 2 टक्के. माल यात बसला तर पूर्ण भाव, नाही तर टक्क्यामागे कपात. हमीभावाच्या सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा 12 टक्के असते. 2024-25 च्या खरीप हंगामात ती 15 टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. त्या वर्षीचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये. वीस क्विंटल सोयाबीन घेऊन आलेल्या शेतकऱ्याला एक टक्का कपात म्हणजे जवळपास हजार रुपये. आणि टक्का किती, हे सांगणारा माणूस खरेदीदाराचाच. शेतकऱ्यांनीच काढलेल्या कंपनीतही हा संशय सुटत नाही, कारण केंद्रावर बसलेला पोरगा शेवटी कुणाचा तरी पाहुणा असतोच.

प्रस्तावातलं यंत्र या भांडणावरचा उपाय म्हणून पुढे आलं होतं. नमुना ट्रेवर पसरायचा, वरून कॅमेरा फोटो काढतो आणि संगणक डागी, फुटके, किडके दाणे आणि कचरा वेगवेगळा मोजतो. ओलावा मापक आणि वजनकाटा वायरने टॅबला जोडायचे. माल उतरला की आकडे आपोआप पट्टीवर छापले जातात आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज जातो. मधे कुणाची लेखणी नाही.

हे सगळं ऐकायला छान. पण असं यंत्र एकदा बसवलं की दसरा ते दिवाळी या काळात ते बंद पडून चालत नाही. केंद्राबाहेर ट्रॅक्टरची रांग असते, शेतकऱ्याला सणाआधी पैसे हवे असतात, रब्बीचं बी-खत घ्यायचं असतं. हैदराबादला कुणी फोन उचलला नाही तर शिव्या इथल्या व्यवस्थापकाला खाव्या लागतात. त्यामुळे यंत्रामागची माणसं कोण, यावर संचालकांनी वेळ घालवला ते योग्यच होतं. फक्त त्यांची नजर फोटोखालच्या भलत्या ओळींवर अडकली होती.

ते पान

सगळ्यात वर संस्थापक-सीईओ: आयआयटीची पदवी, परदेशातलं एमबीए, एका मोठ्या सल्लागार कंपनीत तीन वर्षं, आणि शेवटी ‘शेतकरी कुटुंबात जन्म’. (ही ओळ कृषी-तंत्रज्ञानाच्या कंपन्यांत हल्ली इतक्या ठिकाणी दिसते, की ती नसलेला परिचय मी थोडा जास्त विश्वासाने वाचतो.) त्याच्या शेजारी सीटीओ, म्हणजे तंत्रज्ञान प्रमुख: प्रतिमा-विश्लेषणात पीएच.डी., बहुराष्ट्रीय कंपनीच्या संशोधन विभागात दहा वर्षं. सीओओ, म्हणजे रोजच्या कामकाजाचे प्रमुख, हे ऑनलाइन खरेदीच्या एका बड्या कंपनीची गोदामं सांभाळून आलेले. अर्थप्रमुख सीए. ‘शासकीय समन्वय सल्लागार’ म्हणून सहकार-पणनच्या बाजूचे एक निवृत्त अधिकारी. आणि तळाशी, फोटो नाही, दोनच ओळी: क्षेत्रीय अंमलबजावणी प्रमुख, शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रॉनिक्सची पदविका, वजनकाटे दुरुस्ती-देखभालीचा अनुभव. या बाई उदगीरकडच्या. पुढे सगळेच त्यांना ताई म्हणायला लागले, मीही तसंच लिहितो.

निवृत्त अधिकाऱ्यांचं नाव वाचून दोघातिघांचे चेहरे खुलले. ‘साहेब आपल्या जिल्ह्यात होते, वळखीचे हायेत.’ आयआयटी आणि परदेश वाचून बाकीचे गप्पच झाले. एक तरुण संचालक तर म्हणाला, ‘एवढी शिकलेली माणसं हायेत, त्यांना आपण काय इचारणार?’ पदव्यांच्या वजनाखाली प्रश्न विचारायची हिंमतच जाते, हे मी बँकेच्या आणि अनुदानाच्या बैठकांतही पाहिलेलं आहे. मंडळातले सगळ्यात वयस्क संचालक, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, ते मात्र फोटोंवर बोट ठेवत म्हणाले, ‘फोटोतले सायब लई मोठे हायेत. पण दिवाळीच्या तोंडावर काटा बंद पडला तर ह्यातला कोण येणार आपल्या गावाला?’

पुढची सगळी चौकशी या प्रश्नाभोवती झाली.

कागदावर काय मिळालं

सुरुवात कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवरून. कुठल्याही नोंदणीकृत कंपनीचे संचालक कोण, ते कधी आले, त्यांच्याकडे आणखी कोणत्या कंपन्यांची संचालकपदं आहेत, हे तिथे दिसतं. प्रत्येक संचालकाला डीआयएन म्हणजे ओळख क्रमांक असतो. एखाद्या कंपनीने सलग तीन वर्षं ताळेबंद किंवा वार्षिक विवरण भरलं नाही तर तिचा संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. 2017 मध्ये मंत्रालयाने या एकाच कलमाखाली तीन लाखांहून जास्त संचालक अपात्र ठरवले होते. इथे तशी काही भानगड निघाली नाही.

जे निघालं ते वेगळं. पानावरच्या सहा जणांपैकी संचालक एकच, संस्थापक. दुसऱ्या संचालक त्यांच्या घरातल्या. बाकी पाच जण कंपनीचे कायद्याने कोणीही असू शकत होते: नोकर, सल्लागार, भागधारक किंवा नुसते हितचिंतक. इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुष्कळ शेतकरी कंपन्यांच्या संचालकांना ती माहीत नसते. सीटीओ, सीओओ ही पदं कंपनी कायद्याच्या व्याख्येत नाहीत. सीईओ आणि सीएफओ (अर्थप्रमुख) आहेत, पण छोट्या खासगी कंपनीवर ती पूर्णवेळ नेमायची सक्ती नाही. उलट शेतकरी उत्पादक कंपनीला मात्र सभासद नसलेला, पूर्णवेळ मुख्य कार्यकारी नेमावाच लागतो. म्हणजे आमच्या व्यवस्थापकाचं पद कायद्यातलं, आणि ज्याच्यापुढे तो हात जोडून उभा होता त्या सीटीओचं पद व्हिजिटिंग कार्डावरचं. व्यवस्थापक मंडळात हे ऐकून जरा ताठ बसला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. संचालक नेमला किंवा त्याने राजीनामा दिला की कंपनीला डीआयआर-12 हा फॉर्म भरावा लागतो, आणि सार्वजनिक कागदपत्रं थोडं शुल्क भरून कुणालाही पाहता येतात. त्यात दिसलं की कंपनी दोघांनी मिळून काढली होती आणि दुसऱ्या सहसंस्थापकाने प्रस्तावाच्या काही महिने आधी संचालकपद सोडलं होतं. नेतृत्वाच्या पानावर त्याचा अर्थातच उल्लेख नव्हता. गेलेल्या माणसाचा फोटो कोण ठेवतो?

पदव्या खऱ्या की खोट्या, याची संचालकांना सगळ्यात जास्त उत्सुकता होती. कारण तसं होतं, हे खरंच आहे. 2012 मध्ये याहूचे सीईओ स्कॉट थॉम्पसन यांना पदावर येऊन चार-पाच महिने होत नाहीत तोच जावं लागलं. परिचयात लेखाशास्त्राच्या जोडीला संगणकशास्त्राची पदवी लिहिली होती, ती त्यांच्याकडे नव्हती आणि एका भागधारक फंडाने ते उघड केलं. आपल्याकडे शेअर बाजारात येणाऱ्या कंपनीला माहितीपत्रकात संचालक-प्रवर्तकांचं शिक्षण आणि अनुभव लिहिताना कागद जोडावे लागतात. जुनी मार्कशीट सापडत नसेल तर तीही बाब जोखमींच्या यादीत लिहिलेली दिसते. खासगी कंपनीच्या प्रस्तावातल्या पानाला असं कुणीच विचारत नाही. आम्ही विचारलं. पदव्यांच्या प्रती मागितल्या, त्या दोन दिवसांत आल्या, सगळ्या बरोबर होत्या. या मुद्द्यावर याहून जास्त वेळ घालवायची गरज नव्हती, पण बैठकीत निम्मी चर्चा पुन्हा यावरच झाली.

कोण काय करणार

मग मी एका कोऱ्या कागदाच्या डाव्या बाजूला कामं लिहिली. काटा जोडणं. ओल्या मालात कॅमेऱ्याचं मोजमाप बिघडलं तर ते सुधारणं. रांग हाताळणं. केंद्रावरच्या पोरांना शिकवणं. पट्टीचा हिशोब टॅलीत उतरवणं. हमीभाव केंद्राचे कागद. पुढच्या दोन हंगामांपर्यंत कंपनी जिवंत ठेवणं. उजवीकडे, हे काम पूर्वी केलेला पानावरचा माणूस. माणसाचा परिचय वाचून तो किती मोठा हे ठरवण्यापेक्षा, कामासमोर माणूस आहे का हे पाहायचं, एवढीच युक्ती. परिचय असा उलटा वाचला की तो वेगळाच दिसतो.

तंत्रज्ञान कंपन्यांच्या इतिहासात याचे दाखले भरपूर आहेत, आणि मंडळात ते सांगितल्यावर पदव्यांचा दरारा थोडा उतरला. 1981 मध्ये इन्फोसिस काढणारे सातही जण पटनी कॉम्प्युटर्समधून बाहेर पडलेले, सगळे अभियंते. एकाच साच्यातली माणसं म्हणजे कामं अडायला हवी होती; पण त्यांनी विक्री, मनुष्यबळ, प्रकल्प अशी कामं आपापसात वाटून घेतली आणि 1994 मध्ये मोहनदास पै हे सीए आले, पुढे तेच सीएफओ झाले. टॅली तर या शेतकरी कंपनीच्या टेबलावरच चालू होतं. ते जन्मलं एका व्यापाऱ्याच्या गरजेतून. श्यामसुंदर गोएंका कारखान्यांना आणि कापड गिरण्यांना माल पुरवत, हिशोबाचं सोयीचं सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा गणिताचे पदवीधर असलेले त्यांचे चिरंजीव भारत गोएंका यांनी ते लिहिलं. तिथूनच 1986 मध्ये कंपनी उभी राहिली. खातेवहीचं दुखणं माहीत असलेला माणूस घरातच होता. क्विक हीलचे कैलाश काटकर मॅट्रिकनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत होते, धाकटे बंधू संजय संगणक शिकले, आणि ग्राहकांच्या मशीनमध्ये येणारे व्हायरस काढता काढता उत्पादन तयार झालं. 2016 मध्ये ती कंपनी शेअर बाजारात आली. या तिन्ही ठिकाणी मुद्दा कमी-जास्त शिक्षणाचा नाही; प्रत्येक गरजेच्या कामासमोर एक माणूस उभा होता.

आमच्या कागदावर मात्र एका कामासमोरची जागा कोरी राहिली. कॅमेऱ्याचं मोजमाप बिघडलं तर सुधारणार कोण? सीटीओ, असं कुणीही म्हणेल. पण त्यांचं नाव एका संस्थेत अध्यापक म्हणूनही चालू होतं, आणि ती जागा पूर्णवेळ होती. मग ते इथे कधी असतात?

प्रात्यक्षिकाचा दिवस

याचं उत्तर मिळण्याआधी एका केंद्रावर यंत्राचं प्रात्यक्षिक झालं. हैदराबादहून एक तरुण अभियंता आणि त्याच्याबरोबर ताई आल्या होत्या. प्लॅटफॉर्म काट्याचा आकडा टॅबवर यायला हवा होता, तो येईना. त्या मुलाने पेचकस काढला आणि काट्याच्या डिस्प्लेचा मागचा पत्रा उघडायला घेतला. ताई लांबूनच ओरडल्या, ‘थांबा, त्याला हात लावू नका! सील तुटलं तर काटा परत पासिंगला न्यावा लागंल.’

पत्र्याच्या कडेला तारेत ओवलेलं शिशाचं सील होतं, त्यावर वैधमापन निरीक्षकाचा ठसा. वैधमापन कायदा 2009 चा. व्यापारात वापरायच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी करून मुद्रांकन घ्यावं लागतं आणि दुरुस्ती करणाऱ्याकडे परवाना लागतो. सील तुटलेल्या काट्यावर खरेदी केली असती तर दंड शेतकरी कंपनीला झाला असता, हैदराबादच्या कंपनीला नाही. शिवाय शेतकऱ्यांच्या डोळ्यांदेखत काटा उघडला, ही बातमी संध्याकाळपर्यंत दहा गावांत गेली असती.

ताईंनी डिस्प्ले उचलून मागे वळवला, धूळ पुसली, सीलला धक्का न लावता बाहेरच्या बाजूचं नऊ पिनांचं सॉकेट शोधलं आणि वायर तिथे लावली. टॅबवर आधी नुसती गिचमीड उमटली. मग त्यांनी काट्याला काहीही न करता टॅबच्या बाजूने माहितीचा वेग 9600 वरून 2400 वर आणला, आणि काट्यावरचा 52.300 हा आकडा जसाच्या तसा टॅबवर आला. मागे उभा असलेला हमाल म्हणाला, ‘आलं की!’ त्या तरुण अभियंत्यानेही मोकळेपणाने मान डोलावली. त्याला सॉफ्टवेअर उत्तम येत होतं. सीलचा आणि पासिंगचा त्याच्या कॉलेजशी कधी संबंधच आला नव्हता.

नंतर चहा घेताना ताईंनी व्यवस्थापकाला जे प्रश्न विचारले ते प्रस्तावात कुठेच नव्हते. लाईट किती वेळ जाते? इन्व्हर्टर आहे का? ओला माल आला तर आधी वाळवायला सांगता की तसाच घेता? पट्टीवर हमाली-तोलाई वेगळी दाखवता का? पानावर फोटो नसलेल्या माणसाला या धंद्याची सगळ्यात जास्त माहिती होती, हे तेव्हा तात्यांसकट सगळ्यांना दिसलं.

सीओओंबद्दलचं माझं मतही बदलायला लागलं. शहरातल्या गोदामांचा माणूस इथे काय करणार, असं मला वाटत होतं. पण फोनवर त्यांनी पहिल्याच दमात विचारलं: एका तासात किती गाड्या उतरतात, रांग कुठे लागते, टोकन देता का? दिवाळीच्या सेलमधली गर्दी हाताळलेल्या माणसाला दिवाळीआधीचं सोयाबीन समजायला वेळ लागला नाही.

संस्थापकाशी बोलणं

संस्थापक स्वतः लातूरला आले. सहसंस्थापकाच्या राजीनाम्याचा विषय काढल्यावर ते आधी थोडे चिडले, ‘हे तुम्हाला कुठून कळलं?’ असं म्हणाले. सार्वजनिक नोंद आहे म्हटल्यावर सरळ बोलले. मोजमापाचं मूळ सॉफ्टवेअर गेलेल्या सहसंस्थापकानेच लिहिलेलं होतं. भांडण नव्हतं, त्याला परदेशात संधी मिळाली. सीटीओ आठवड्यातून एक दिवस देतात. रोजचं काम दोन अभियंते करतात, त्यातला एक नांदेडच्या श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेतून शिकलेला. या दोघांची नावं पानावर का नाहीत, असं विचारलं तर म्हणाले, ‘गुंतवणूकदारांना मोठी नावं बघायची असतात. तेच पान तुम्हाला पाठवलं.’

मला हे उत्तर पटलं. ते पान खोटं नव्हतं. ते दुसऱ्या वाचकासाठी लिहिलेलं होतं. पैसे घालणाऱ्याला संस्थापकाची पदवी महत्त्वाची, कारण तो पैसा उभा करणार आणि पुढचा पैसाही त्याच ओळखीवर येणार. त्या बाबतीत हा माणूस कामाचा होता: पुढच्या वर्षभराचे पगार भागतील एवढी रक्कम खात्यात असल्याचा बँकेचा दाखला त्यांनी दाखवला. आयआयटीच्या पदवीचा लातूरच्या केंद्राला झालेला हा खरा उपयोग. छोट्या तंत्रज्ञान कंपन्या उत्पादन वाईट म्हणूनच बुडतात असं नाही, पगार थकले म्हणूनही बुडतात, आणि मग ग्राहकाकडे बंद पडलेलं यंत्र उरतं.

करारात काय घातलं

मंडळाने पहिल्या हंगामासाठी तीनऐवजी एकच केंद्र द्यायचं ठरवलं. करारात ताईंचं आणि त्या दोन अभियंत्यांचं नाव घातलं. यांच्यापैकी कुणी सोडलं किंवा दुसऱ्या कामावर गेलं तर पंधरा दिवसांत लेखी कळवायचं आणि बदली माणसाला काम समजावून द्यायचं. सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, तिसऱ्या पक्षाकडे ठेवावा, अशी मागणी आम्ही केली होती. ती कंपनीने मान्य केली नाही, आणि एवढ्या छोट्या ग्राहकासाठी कोणीही केली नसती. त्याऐवजी सगळी खरेदीची माहिती दर आठवड्याला एक्सेलमध्ये मिळेल आणि कॅमेरा बंद असला तरी हाताने आकडे भरून पट्टी निघेल, यावर तडजोड झाली. पैसे तीन हप्त्यांत, शेवटचा दिवाळीनंतर. या शेवटच्या अटीवर तात्या ठाम होते, आणि माझ्या मते सगळ्या करारातली सगळ्यात उपयोगी अट तीच.

हंगाम

ऑक्टोबरात पाऊस झाला. मळणी झालेला माल मातकट आला आणि माती चिकटलेले दाणे कॅमेरा डागी म्हणून मोजायला लागला. पहिल्याच दिवशी एका सभासदाच्या मालात डागी दाणे अकरा टक्के दिसले. डोळ्यांनी पाहणाऱ्या कुणालाही ते तीनच्या वर वाटत नव्हते. केंद्रावर आवाज चढले. व्यवस्थापकाने कॅमेरा बंद केला, जुन्या पद्धतीने नजरेने तपासणी सुरू केली आणि आकडे हाताने भरले. पट्ट्या थांबल्या नाहीत.

ताई दुसऱ्या दिवशी सकाळी हजर झाल्या. त्यांनी चाळणी मागवली. सगळा माल चाळायचा म्हटल्यावर शेतकरी बिथरले, वजन कमी होणार म्हणून. मग फक्त नमुना चाळायचा, निघालेली माती तोलून ती काडीकचऱ्याच्या खात्यात धरायची आणि उरलेले दाणे कपड्याने पुसून ट्रेवर टाकायचे, असं ठरलं. आकडे बरेच ताळ्यावर आले. तिकडे दोघा अभियंत्यांनी मातकट दाण्यांचे नवे फोटो घेऊन सॉफ्टवेअर शिकवायला घेतलं, पण ते पुरतं सुधारेपर्यंत दिवाळी होऊन गेली.

सीटीओंनी याच काळात तासभर ऑनलाइन बोलून नेमकं कारण सांगितलं: कॅमेऱ्याला शिकवताना वापरलेले सगळे नमुने कोरडे आणि साफ होते, म्हणून ओला, मातीचा दाणा त्याला अनोळखी. प्रस्तावातही ‘मोजमाप कोरड्या नमुन्यासाठी’ अशी तळटीप होती, त्यांनीच आग्रहाने घातलेली. ती होती यंत्राच्या पानावर, जे बैठकीत भरभर उलटलं गेलं होतं. पीएच.डी.चा फायदा करून घ्यायचा असेल तर तळटिपा वाचाव्या लागतात.

सीओओंच्या सूचनेवरून गावनिहाय टोकन सुरू झालं आणि रस्त्यावरची रांग आत आली. निवृत्त अधिकाऱ्यांनी हमीभाव केंद्रासाठीच्या कागदपत्रांचा क्रम एका दुपारी नीट समजावला. त्यापुढे त्यांची गरज पडली नाही. अर्थप्रमुखांशी आमचं बोलणं बिलापुरतंच.

आता कुठे आहे

शेवटचा हप्ता दिला गेला. कंपनीने तिन्ही केंद्रांसाठी दुसऱ्या वर्षाचा प्रस्ताव पाठवला आहे आणि त्यात नेतृत्वाचं पान नवं आहे. ताईंचा फोटो आता वरच्या रांगेत आहे, पद ‘उपाध्यक्ष, अंमलबजावणी’, ठिकाण हैदराबाद. कराराप्रमाणे कंपनीने हे लेखी कळवलंही. मंडळात दोघांनी टाळ्या वाजवल्या, आणि लगेच पुढचा प्रश्न निघाला: मग इथे कोण?

पत्र लिहून विचारलं. उत्तरात औसा तालुक्यातल्या एका आयटीआय झालेल्या मुलाचं नाव आलं, जो हंगामभर ताईंच्या हाताखाली होता. त्याचा परिचय एक ओळीचा. पदवी काय, कॉलेज कोणतं, हे या खेपेला कुणीच विचारलं नाही. तात्यांनी ठराव मांडला आणि तो मंजूर झाला: हरभऱ्याच्या खरेदीत त्या मुलाने एकट्याने एक केंद्र चालवून दाखवावं, सॉफ्टवेअर सुधारल्याची खात्री मातकट नमुन्यावर करून द्यावी, ताईंनी तोवर आठवड्यातून एकदा फोनवर उपलब्ध राहावं. तीन केंद्रांच्या दराची बोलणी त्यानंतर. कंपनीने पहिल्या दोन अटी मान्य केल्या आहेत, तिसरीवर अजून पत्रव्यवहार चालू आहे.